अर्धी गोळी

दसरा झाला की खापरवाडीत दोन गोष्टी न चुकता येतात. एक म्हणजे ऊसतोडीला माणसं न्यायला मुकादमाचा ट्रॅक्टर, आणि दुसरी म्हणजे शिवकन्येची बीपी मोजायची मशीन. ट्रॅक्टर निम्मं गाव भरून घेऊन जायच्या आत मशीन सगळ्यांच्या दंडाला लागली पाहिजे, असं वरून सांगणं होतं. शिवकन्या गावचीच सून, आशाताईचं काम करायची. मारुतीच्या पारावर सतरंजी टाकून ती बसली आणि गाव बाह्या वर करून तिच्यापुढं आलं.

हरिबानं आपला आकडा ऐकला आणि मागं वळून ओरडला, "एकशे नव्वद! हाय का बे कुणी वर?"

"माझा पावणेदोनशेच निघाला गं बाई," एक म्हातारी हळहळली. बाजारात शेळीला भाव कमी आला की असा चेहरा होतो.

एकामागून एक दंड पुढं येत होते आणि एकामागून एक आकडे वर जात होते. ज्याचा आकडा नीट निघाला त्या एका इसमाकडं लोक संशयानं बघायला लागले. शिवकन्या वैतागून म्हणाली, "हसण्यावारी नेऊ नका मामा. अख्खं गाव भरलंय बीपीनं."

"तेच म्हणतो ना पोरी," हरिबा म्हणाला. "अख्ख्या गावाला हाय त्याला आजार कसं म्हणावं? एकाला असता तर आजार. आता हे आपलं गावाचं पाणी म्हणायचं."

हा हरिबाचा विचार साऱ्या गावाचाच होता. ताप आला तर माणूस निजतो, हाड मोडलं तर ओरडतो. हे बीपी ना दुखत होतं, ना खुपत होतं. त्याला भ्यावं तरी कसं?

आसारामचाही आकडा वरच निघाला. तो हसत उठला आणि त्याच्या जागी त्याची बायको अंजना बसली. शिवकन्येनं पट्टा फुगवला, आकड्याकडं पाहिलं, आणि दुसऱ्या दंडाला बांधला. मग तिला घोटभर पाणी पाजून जरा वेळ बसवलं आणि पुन्हा पहिल्या दंडाला बांधला. आकडा मात्र तिनं मोठ्यानं सांगितला नाही. आसारामचं हसू थांबलं ते तेव्हा.

"मामी, डोकं दुखतं का?"

"न्हाई बाई."

"डोळ्यापुढं अंधारी?"

"फडात उनाची येती. ती काय, समद्यांनाच येती."

शिवकन्या आसारामला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, यंदा मामीला नेऊ नका."

"अन मी एकटा जाऊन काय करू? अर्धा कोयता कोण घेतंय?"

खरंच कोण घेतं? ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधायच्या, आणि दोघांनी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. मुकादम जोड्या मोजतो, माणसं मोजत नाही. त्यातून अंजनानंच विषय मिटवला. "मी घरी बसले तर ह्यांना भाकरी कोण थापून घालील?" ती म्हणाली, आणि पदर झटकून उठली.

शेवटी शिवकन्याच दोघांना वडवणीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी दोघांना महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या तिकडच्या आरोग्य केंद्रातून घ्या म्हणाले. एस.टी.ची वाट बघत असताना शिवकन्येनं अंजनाचा हात धरला.

"भाकरी खाल्ली की रोज एक. एकबी दिवस चुकवायचा न्हाई, मामी. चुकला की लकवा कधी मारंल सांगता येत न्हाई. मला शब्द द्या."

"दिला," अंजना म्हणाली. "एकबी दिवस चुकणार न्हाई."

अंजना शब्दाची पक्की होती. तिच्या पक्केपणावर आसारामनं तीस वर्षांत कधी मात केली नव्हती. कुणाला काही द्यायचं तर उजव्याच हातानं, हा तिचा आणखी एक पक्का नेम. डाव्या हातानं दिलेलं अन्न अंगी लागत नाही, असं तिची आई म्हणायची. लेक मनिषा लहान असताना तिनं एकदा डाव्या हातानं भाकरी पुढं केली, तर तिला चापट खावी लागली होती. आता मनिषा चकलांब्याला नांदत होती आणि आपल्या पोरांना त्याच कारणासाठी चापट्या मारत होती.

कारखाना लांबच्या काळ्या रानात होता. उघड्या माळावर बांबू आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहिल्या. थंडी अशी पडली की सकाळी कोयत्याची मूठ हातात धरवत नसे. अंजना झुंजुरक्यालाच, उजाडायच्या आत उठून भाकरी थापायची, ठेचा वाटायची. ठेच्यात मीठ सढळ. दिवसभर घामातून गेलेलं मीठ भरून काढायला नको का, असं तिचं शास्त्र होतं. चार घास खाल्ले की गोळी. मग दोघं फडात शिरायचे. उसाच्या वाळल्या पाचटाची बारीक कूस मानेत, कानात, पापणीत जायची. उसाच्या पानानं हातावर बारीक चिरा पडायच्या आणि त्यांत घाम उतरला की झोंबायचं.

महिना सरला, गोळ्या सरल्या. आसारामनं मुकादमाकडून दिवसाचा खाडा मागून घेतला आणि तालुक्याच्या वाटेवरचं आरोग्य केंद्र गाठलं. बाकावर बसला तर शेजारची बाई पदर सावरून सरकली. अंगावर उसाचा चिकटा होता, कपड्यांना वास होता, हे त्यालाही कळत होतं. तो उठून भिंतीला टेकून उभा राहिला. नंबर आल्यावर नर्सनं त्याचं बीपी मोजलं आणि त्याला गोळ्या दिल्या.

"अन मालकिणीच्या?"

"त्या कुठं आहेत?"

"फडात."

"बघितल्याशिवाय कशा देऊ, बाबा? त्यांना घेऊन या."

नर्सचं काही चुकलं नव्हतं. आसारामनं मान हलवली आणि एका माणसाच्या गोळ्या घेऊन तो परत आला.

मुकादम बद्रीनाथ वाईट माणूस नव्हता. त्यालाही बीपी होतं. सदऱ्याच्या खिशात गोळ्यांचं पाकीट असायचं आणि चहा झाला की तो सगळ्यांदेखत एक तोंडात टाकायचा. "जा की घेऊन वैनीला," तो म्हणाला. "पर दोघं एकदम खाडा केला तर कोयता बंद राहतो बे. गाडीचा भरणा कोण करील? एवढं रान उरकू दे, मग जा." रान उरकलं की पुढचं रान लागायचं. अंजना एकटी परक्या मुलखात कधी गाडीत बसली नव्हती, तिला पाटीही वाचता येत नव्हती. त्यामुळं तो दिवस पुढं पुढं जात राहिला.

गोळी मात्र तो परतला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी घ्यायची होती. अंजनानं पाकीट हातात घेतलं आणि विचारात पडली.

"समद्या मी खाल्ल्या तर तुमचा दिवस चुकतो. तुमी खाल्ल्या तर माझा. शिवकन्येला तर शब्द दिलाय."

"मग?"

तिनं गोळी चुलीच्या उजेडात धरली आणि तिचा चेहरा उजळला. "आवं, हे बघा. मधी रेघ हाय."

आसारामनं वाकून पाहिलं. खरंच त्या पांढऱ्या गोळीच्या मधोमध बारीक रेघ होती.

"करणाऱ्यालाबी म्हाईत हाय," अंजना म्हणाली, "जोडीनं खाणारी माणसं असत्यात म्हणून." तिनं दोन्ही अंगठ्यांच्या नखांनी दाब दिला. टक्कन आवाज झाला. एक तुकडा तिनं उजव्या हातानं त्याच्या तळहातावर ठेवला. "कोयता एक, गोळीबी एक."

आसाराम हसला. त्याला ते फार गोड वाटलं. आयुष्यात जे आलं ते दोघांनी असंच मोडून खाल्लं होतं. भाकरी मोडून, गुळाचा खडा मोडून. एका वर्षी पटकुर एकच होतं तर तेही मधोमध फाडून दोघांनी पांघरलं होतं. मग गोळीनंच काय पाप केलं?

तेव्हापासून रोज सकाळी चुलीपुढं टक्कन आवाज व्हायचा. दिवसभर उसात बोलायला सवड नसे. हा एवढाच काय तो त्यांचा संसार उरला होता. गोळी कधी अगदी रेघेवर तुटत नसे. एक तुकडा मोठा निघायचा, एक बारका. मोठा आसारामच्या तळहातावर यायचा. त्याला तो दिसायचा. पण भाकरीचा मोठा चतकोरही त्याच्याकडंच येत आला होता, आणि तो कधी त्यावर बोलला नव्हता.

"मी तर डोकं ठणकलं तरच खातो गोळी," शेजारच्या कोपीतला हरिबा म्हणायचा. ते ऐकून आसारामला आपण किती शहाणे असं वाटायचं. टोळीत एकही दिवस न चुकवणारं जोडपं त्यांचंच होतं.

संक्रांतीच्या आसपासची सकाळ. धुकं इतकं की चार सरींपलीकडचा माणूस दिसत नव्हता. आसाराम तोडत पुढं गेला होता. मागं मोळ्या बांधायचा सपसप आवाज येत होता, तो थांबला. त्यानं वळून पाहिलं. अंजना पाचटात बसली होती आणि समोरच्या मोळीकडं बघत होती.

"काय गं, बसलीस?"

"हातात येत न्हाई," ती म्हणाली. उसाच्या हिरव्या शेंड्याचा, वाढ्याचा बंध तिच्या उजव्या हातातून सुटत होता.

"थंडीनं बधिर झालाय. चोळ जरा."

तिनं डाव्या हातानं उजवा चोळला. पुन्हा बंध धरला, पुन्हा सुटला. आसारामच्या डोळ्यांपुढं बद्रीनाथची भरायची राहिलेली गाडी उभी राहिली. भरणा मागं पडला की सगळ्या टोळीची बोलणी खावी लागायची.

"अगं, आवळ ना नीट. हातातला जोर काय मनिषाकडं ठेवून आलीस का?"

ती ओशाळून हसली. हसू एका बाजूलाच आलं. आसारामनं ते पाहिलं आणि त्याला वाटलं, थंडीनं ओठ फुटलाय. तो पुन्हा उसाकडं वळला. त्यानं आणखी बरीच सर तोडली. पाठीमागं ती त्या एकाच मोळीशी झटत राहिली. ती झटताना काय म्हणत होती ते त्याला धड ऐकू आलं नाही. शब्द ओले होऊन येत होते.

शेवटी पलीकडच्या सरीतून हरिबा आला आणि त्याचा आवाज फाटला. "आसाराम! वैनीचं तोंड बघ बे!"

अंजनाचं तोंड एका बाजूला ओढलं होतं. लाळ पदरावर उतरली होती, आणि ती डाव्या हातानं ती पुसायची खटपट करत होती. परक्या पुरुषापुढं आपलं असं झालंय याची लाज तिच्या डोळ्यांत होती. आसारामनं हातातला कोयता टाकला. तो कुठं पडला, त्यानं पाहिलं नाही.

बद्रीनाथनं लगोलग आपली जीप काढली. वाटेत आसारामच्या मांडीवर तिचं डोकं होतं. ती काहीतरी विचारत होती. तिला काय विचारायचं होतं ते त्याला कळलं नाही, आणि तेच तिचं शेवटचं बोलणं ठरलं.

मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आसारामला विचारलं, "बीपीच्या गोळ्या चालू होत्या का?"

"होत्या जी. एकबी दिवस चुकला न्हाई." एवढ्या दुःखातही त्याची मान थोडी ताठ झाली होती.

"रोज एक?"

"एकच जी. अर्धी हिला, अर्धी मला."

डॉक्टरीणबाईंनी नर्सकडं पाहिलं. नर्सनं खाली पाहिलं. कुणी त्याच्यावर ओरडलं असतं तर बरं झालं असतं. आसारामनं कोपरीच्या खिशातून पाकीट काढलं आणि उरलेली एक गोळी त्यांच्यापुढं धरली.

"मधी रेघ हाय ना, ताई."

"बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "एका माणसाला पूर्ण गोळी लागत होती. तुमच्या बायकोला तर त्याहून जास्त लागली असती."

आसाराम त्या रेघेकडं बघत राहिला. त्याच्या बोटांवर उसाचा काळा चिकटा होता आणि त्यात ती गोळी फार पांढरी दिसत होती.

मनिषा दुसऱ्या दिवशी आली. आई खाटेवरून तिच्याकडं बघत होती. तिनं आईचे केस विंचरले, तोंड पुसलं, आणि बाहेर येऊन बापापुढं उभी राहिली.

"कावून असं केलं, आबा? तुमी धडधाकट व्हता. समद्या मायला द्यायच्या व्हत्या."

आसारामला ते सुचलंच नव्हतं. अंजनानं वाटा करावा आणि आपण हात पुढं करावा, यापलीकडं त्याच्या डोक्यात कधी काही आलं नव्हतं. मोठा तुकडा आपल्याकडं यायचा, हे त्यानं लेकीला सांगितलं नाही. ते सांगायला तोंड असावं लागतं. मग मनिषाच रडत त्याच्याशेजारी बसली.

होळीच्या आधी ते खापरवाडीला परतले. गाव मोकळं होतं, म्हातारी आणि लेकरं तेवढी मागं. अंजनाची उजवी बाजू गेली ती गेली. बोलणं गेलं. कळत मात्र सगळं होतं, आणि तेच आसारामला जास्त जाळायचं. मनिषानं थोडे दिवस राहून बापाला भाकरी थापायला शिकवली आणि ती सासरी गेली. त्याची भाकरी फाटकी व्हायची, एका कडेला करपायची. अंजना बाजेवरून ती बघायची आणि डोळे मिटून घ्यायची.

शिवकन्या आली ती उंबऱ्यातच रडायला लागली.

"माझंच चुकलं, मामा. रोज एक, एवढंच म्हणाले मी. अर्धी करू नका, असं सांगायला पायजे व्हतं."

"तुला कसं सुचावं, पोरी?" आसाराम म्हणाला. "आमाला जे सुचलं ते दुसऱ्या कुणाला सुचलंच नसतं."

तिनं दोघांचं बीपी मोजलं. दोघांच्या वेगवेगळ्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत घालून खुंटीला टांगल्या. पुन्हा पुन्हा बजावलं, आणि मग ती पारावर जाऊन बसली. थोड्या वेळानं तिकडून कुणाचंतरी हसू ऐकू आलं. कुणाचातरी आकडा सगळ्यांत वर निघाला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसारामनं डाळीत भाकरी कुस्करून अंजनाला भरवली. मग पिशवीतली एक अख्खी गोळी काढून तिच्या डाव्या तळहातावर ठेवली. "ही तुझी. समदी तुझी. माझी येगळी हाय."

अंजनानं गोळीकडं पाहिलं. मग त्याच्याकडं पाहिलं. गोळी दातांत धरली, टक्कन मोडली, आणि तोंडातून काढून दोन्ही तुकडे मांडीवर ठेवले. त्यातला मोठा निवडला आणि डावा हात पुढं केला.

"अगं न्हाई. माझी हाय म्हणलं ना मला. ही बघ." त्यानं आपली पिशवी दाखवली.

तिला ते पटलं नाही. तिचं लक्ष आपल्या हाताकडं गेलं आणि तिनं चटका बसल्यासारखा तो मागं घेतला. तो डावा हात होता. मग तिनं तुकडा पुन्हा मांडीवर ठेवला. डाव्या हातानं आपल्या उजव्या हाताचं मनगट धरून तो मेलेला हात उचलला, उताणा केला, आणि त्याच तळहातावर तो तुकडा ठेवला. मग डाव्या हातानं ढकलत ढकलत तिनं तो उजवा हात आसारामपुढं आणला. एवढं करेपर्यंत तिच्या कपाळावर घाम आला होता.

आसारामनं तो तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. तो पाणी प्यायला तेव्हा कुठं तिनं आपला बारका तुकडा जिभेवर ठेवला.

तुकडा त्यानं गालफडात धरून ठेवला होता. भांडं आणायचं निमित्त करून तो चुलीकडं वळला, तुकडा काढला, डाळीतल्या शेवटच्या घासात दाबला आणि तिला भरवला. "एवढा घास खा. उष्टं टाकू नये."

तिनं घास खाल्ला.

आता रोज सकाळी हेच चालतं. तिनं मोडायचं, उजव्या हातावर ठेवून ढकलत आणायचं. त्यानं गालात धरायचं आणि घासातून परत करायचं. आपली गोळी तो नंतर परसात जाऊन घेतो. तिनं दिलेल्या तुकड्याची कडू चव मात्र तोवर त्याच्या जिभेवर राहते.

घास गिळून झाला की अंजना डावा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवते आणि एका बाजूनं हसते. दोघांची गोळी झाली, आजचाही दिवस चुकला नाही, याचं ते हसू असतं.